कोंडवाड्यातली हरणी

"हरणी कुणाची?" पद्मजानं विचारलं.

घटस्थापना दोन दिवसांवर आली होती. सोमवारची सकाळ. आम्ही बारा-चौदा जण मोठ्या टेबलाभोवती चहा घेऊन बसलो होतो आणि भिंतीवरच्या पडद्यावर कंपनीच्या सगळ्या मशीनांची यादी होती. मोरी, भिंगरी, चांदी, कपिला, अशी पंचवीसेक नावं. सगळ्यांत खाली हरणी. तिच्यापुढची मालकाच्या नावाची चौकट तेवढी रिकामी होती.

"आणि एकदा विचारतो," पद्मजाच म्हणाली. " हरणी कुणाची हाय? गेल्या सहा महिन्यांत हिनं एक काम केलेलं नाही. खाती मात्र रोजच्या रोज."

सगळे हसले. मगदूम साहेब सगळ्यांत मोठ्यानं हसले. मीही हसलो.

"मग भाकड म्हणून लिहितो," असं म्हणून तिनं वहीत लिहिलं. "आजपासनं पंधरा दिवस कोंडवाड्यात. तोवर कोण आलं नाही तर सोळाव्या दिवशी लिलाव."

हरणी माझी होती. मी उभं राहून दोन शब्द बोललो असतो तर विषय तिथंच मिटला असता. मी चहा संपवला आणि कप बशीत पालथा घातला.

या गोष्टीला आता आठ वर्षं होतील. कोल्हापुरात उद्यमनगरात, एका लेथच्या वर्कशॉपच्या माडीवर आमची 'धारोष्ण सिस्टीम्स' होती. गावोगावच्या दूध संस्थांचं सॉफ्टवेअर आम्ही करायचो. कुणी किती लिटर घातलं, फॅट किती लागली, बिल किती झालं, सगळं. मगदूम साहेबांनी कंपनी काढली तेव्हा पहिला नोकर मी, अरविंद शिंत्रे. साहेबांच्या घरी गोठा होता, म्हणून पहिल्या मशीनला, म्हणजे दिवसरात्र चालणाऱ्या कॉम्प्युटरला, त्यांनी आपल्या म्हशीचं नाव दिलं, मोरी. तेव्हापासून तो रिवाजच पडला. पुढं मागच्या खोलीतली मशीनं गेली आणि आम्ही क्लाउडवर आलो. म्हणजे मशीन कुठल्यातरी मोठ्या कंपनीचं, कुठं आहे ते आपल्याला ठाऊक नाही, आपण फक्त भाडं भरायचं. आणि भाड्याचं गणित रिक्षाच्या मीटरसारखं. रिक्षा चालू दे नाहीतर उभी राहू दे, आपण बसलोय तोवर मीटर पडतच राहणार.

हे सगळं गोठ्यासकट क्लाउडवर नेलं ते मी. एकोणीस वर्षं सांभाळलं ते मी. मध्यरात्री मोरी आडवी झाली की फोन मला यायचा. टेबलाशी साहेबांच्या उजव्या हाताची खुर्ची माझी होती. कुणी तसं लिहून दिलं नव्हतं, पण तिथं दुसरं कुणी बसत नव्हतं.

जूनमध्ये पद्मजा सनदी आली. गडहिंग्लजकडची, सव्वीस-सत्तावीस वर्षांची. आमच्याकडच्या पोरींसारखंच तिचं बोलणं, मी आलो, मी गेलो, मी बघितलो. साहेबांनी तिला एकाच कामावर घेतलं होतं, क्लाउडचं बिल उतरवायचं. महिन्याचं बिल तेव्हा सहा लाखांवर गेलं होतं आणि साहेबांचा जीव त्या आकड्यात अडकलेला. तिची नोकरी मात्र कच्ची.

पहिल्या आठवड्यात तिनं आम्हा सगळ्यांना बसवून तासभर समजावलं. मी मोबाइलवर मटण मार्केटजवळच्या प्लॉटची जाहिरात बघत होतो. कालची पोर मला काय क्लाउड शिकवणार? मधूनमधून शब्द कानावर पडत होते. "एक ध्यानात ठेवा. डेटा आत घालायला फुकट हाय, बाहेर काढायला पैसे. जत्रंतल्या पाळण्यागत. चढवून फुकट घेत्यात आणि उतरताना पैसे मागत्यात." सगळे हसले. मी मान वर केली नाही.

दुसऱ्या आठवड्यात तिनं मला पाणी पाजलं, तेही सगळ्यांदेखत.

"शिंत्रे दादा, दूध गोळा हुतंय सकाळी सहा ते नऊ आणि सांजचं सहा ते नऊ. बरोबर?"

"बरोबर."

"मग दुपारी बारा वाजता चाळीस म्हशी गोठ्यात उभ्या करून वैरण कशाला घालायची? दावं सोडायचं. साडेपाचला परत बांधायच्या."

एवढंच. ज्यांना दिवसभर काम नाही त्या मशीनांना दोन वेळच्या धारांपुरतंच चालू ठेवायचं. त्यात कसली विद्या नव्हती. मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं, एवढंच. साहेब माझ्याकडं वळून म्हणाले, "अरविंदा, हे आपल्या टकुऱ्यात का आलं नाही रे?" त्यात राग नव्हता, साधा प्रश्न होता. म्हणूनच तो जास्त लागला.

आणि मग तो कोंडवाडा. तिचे वडील ग्रामपंचायतीचे शिपाई, गावचा कोंडवाडा त्यांच्याकडं. मोकाट जनावर सापडलं की आणून कोंडायचं, दवंडी द्यायची, मालक येऊन दंड भरेपर्यंत वैरणपाणी बघायचं, आणि कुणी आलंच नाही तर लिलाव. पद्मजानं तोच कायदा आमच्या मशीनांना लावला. ज्या मशीनचा मालक सापडत नाही ते आधी बंद करायचं, पुसायचं मात्र नाही. पंधरा दिवस थांबायचं. मालकानं सोमवारच्या बैठकीत सगळ्यांसमोर उभं राहून 'हे जनावर माझं' म्हणायचं, ते काय काम करतं ते सांगायचं आणि दंड म्हणून अर्धा किलो पेढे आणायचे. साहेबांना ते इतकं आवडलं की दरवाजावर त्यांनी कोंडवाड्याची पाटी लावायला लावली. आमचा सलीम मुल्ला चांदीला सोडवायला उभा राहिला तेव्हा टाळ्या पडल्या. सोळा मशीनांचा लिलाव झाला. बिल उतरत गेलं. आणि एका सोमवारी मी आलो तर उजव्या हाताच्या खुर्चीत पद्मजा बसलेली. पडद्याची वायर तिथपर्यंतच पुरत होती.

"दादा, बसा की हिकडं," ती पटकन उठायला लागली.

"बस बस. मला कुठंही चालतंय," मी म्हणालो. मला कुठंही चालत नव्हतं.

मी काय काय करायचो ते आज सांगायला लाज वाटते. तिच्या ई-मेलमधल्या चुका मोजायचो. ती हसली की आवाज मोजायचो. साहेब तिच्या टेबलाशी किती मिनिटं उभे राहिले ते घड्याळात बघायचो. ती आजारी पडली तर बरं, असंही एकदा मनात आलं होतं. घरी नंदा, माझी बायको, एका रात्री ताट वाढता वाढता म्हणाली, "त्या पोरीचं नाव दिवसातनं किती वेळा घेता, मोजलंय कधी? एखादीला वाटायचं दुसरंच काहीतरी."

"कामाचं बोलतोय मी."

"तेच म्हणते. दुसरं काहीतरी असतं तर बरं झालं असतं. निदान चेहरा तरी हसरा राहिला असता."

हरणी कोंडली त्या सोमवारी बैठक संपल्यावर पद्मजा माझ्या टेबलाशी आली.

"दादा, तुम्ही सगळ्यात जुनं. हरणीचं काय ते तुम्हालाच ठावं असणार. सोळाव्या दिवशी पुसल्यावर मग काय मिळायचं नाही."

"मला काय माहीत? तुझ्या वहीत बघ."

तिनं वही टेबलावर ठेवली. "दसऱ्यानंतरच्या दुसऱ्या सोमवारी साहेब आकडा बघणार हायत. तीस दिवसांचा खर्च निम्म्यावर आला तर मला कायम करतो म्हणालेत. कायम झालो की बाबांना ते काम सोडायला लावतो. गेल्या सालात एका वळूनं मांडीत शिंग घातलं त्यांच्या. अजून लंगडतात आणि तसंच जनावराच्या मागं पळतात. म्हणून म्हणतो, माझ्याकडनं चुकीचं कायतरी पुसलं जाऊ नये."

"नाही माहीत म्हटलं ना."

आता हरणी काय करायची ते सांगतो. वर्षभर दूध घातलेल्या शेतकऱ्याला दूध संघ दिवाळीआधी जादा पैसे वाटतो, त्याला आमच्याकडं फरक म्हणतात. त्या फरकावर घरात नवे कपडे येतात, तेल-डाळ येते. आमच्याकडच्या तीन जुन्या संघांचा फरक काढायचे नियम असे चमत्कारिक होते की नव्या सॉफ्टवेअरमध्ये ते कधी बसलेच नाहीत. तो हिशेब माझ्या जुन्या प्रोग्रामवर हरणीत निघायचा. अकरा वर्षांच्या पावत्यांचे फोटोही तिथंच. वर्षातले दोन दिवस हरणी काम करायची, दिवाळीच्या आधीचे. बाकी वर्ष पडून. ते काम मी दरवर्षी एकटा करायचो, कुणाला शिकवलं नव्हतं. साहेब तर हरणीचं नावही विसरले होते. त्यांना दिवाळीआधी माझ्याकडून तीन फायली मिळायच्या, बस.

मी ठरवलं, हरणीचा लिलाव होऊ द्यायचा. फरकाचा दिवस येईल, तिन्ही संघांचे चेअरमन फोन करतील, साहेबांच्या पायाखालची वाळू सरकेल, पद्मजाचा चेहरा पांढरा पडेल. आणि मग मी ड्रॉवरमधून डिस्क काढीन. सगळा डेटा, सगळा प्रोग्राम, जशाचा तसा. म्हणीन, "मला वाटलंच होतं असं काहीतरी होणार." ते वाक्य मी आंघोळ करताना म्हणून बघितलं होतं. संघांचं नुकसान होणार नव्हतं, शेतकऱ्याचं नुकसान होणार नव्हतं. फक्त ती पडणार होती, आणि उचलणारा मी असणार होतो.

त्यासाठी सगळा डेटा उतरवून घ्यायला अख्खा दिवस हवा होता, आणि तोही ऑफिसात कुणी नसताना. असा दिवस वर्षात एकच असतो, खंडेनवमी.

आमच्याकडं खंडेनवमीला लोहार घण उचलत नाही, सुतार रंधा धरत नाही. खालच्या वर्कशॉपातली लेथही झेंडूच्या माळा घालून गप उभी असते. मगदूम साहेबांनी तोच नियम माडीवर लावला होता. आदल्या संध्याकाळी सतरंजी अंथरून सगळ्यांचे लॅपटॉप ओळीनं मांडायचे, खंडेनवमीला सकाळी पूजा, आणि मग दसऱ्याच्या सकाळपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. दुधाची मशीनं आपली आपण चालू. समईपाशी मात्र कुणीतरी बसावं लागायचं.

"मी बसतो की," मी म्हणालो.

"तू? दरवर्षी पळतोस की रे घरी," साहेब म्हणाले.

"यंदा बसतो."

पूजा झाली. पद्मजानं एकेका लॅपटॉपवर हळद-कुंकवाची बोटं ओढली, वर एकेक झेंडू ठेवला. साखर-खोबरं वाटून झाल्यावर नऊच्या सुमाराला सगळे गेले. जाताना ती म्हणाली, "दादा, तेल बघत बसा. समई शांत व्हायला नको."

मी सतरंजीवर बसलो, दाराला कडी घातली आणि ओळीतला माझा लॅपटॉप उचलला. झेंडू घरंगळला. उघडताना अंगठ्याला कुंकू लागलं, ते मी विजारीला पुसलं. जुन्या पासवर्डच्या किल्लीनं आत शिरलो, हरणी चालू केली आणि तिच्यातला सगळा डेटा बाहेरच्या डिस्कवर उतरवायला लावला. संध्याकाळी पाचपर्यंत ते चाललं होतं. मी समईत तेल घालत होतो आणि पडद्यावरचा आकडा बघत होतो. दुपारी नंदानं पाठवलेली पुरणपोळी आली, ती तशीच झाकून ठेवली. मशीन मागच्या खोलीत असताना डिस्क काढून खिशात घातली की झालं होतं, त्याचे पैसे कुणी मागत नव्हतं. माझी अक्कल त्या दिवशी त्या मागच्या खोलीतच राहिली होती. पाचला हरणी बंद केली, डिस्क ड्रॉवरमध्ये टाकली, लॅपटॉप जागेवर ठेवला, झेंडू परत वर ठेवला.

दसरा झाला. आपट्याची पानं देताना पद्मजा माझ्या पाया पडली. "सोनं घ्या, सोन्यासारखं ऱ्हावा," ती म्हणाली. मी "राहू, राहू" म्हणालो. पुढच्या मंगळवारी हरणीचे पंधरा दिवस भरले. लिलाव झाला का, ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर मला त्याची फिकीर आहे असं दिसलं असतं.

दसऱ्यानंतरचा दुसरा सोमवार आला. पद्मजा नवी अबोली साडी नेसून आली होती. पडद्यावर तीस दिवसांच्या खर्चाचा आलेख लागला. रोजचा एक खांब. खांब पायरीपायरीनं उतरत गेले होते, बघून कुणालाही बरं वाटावं असे. फक्त एक खांब मधेच छाती काढून उभा होता, बाकीच्या खांबांच्या चौपट उंच.

साहेबांनी चष्मा पुसला. "हे काय उभं राहिलंय मधेच? तारीख कुठली?"

"खंडेनवमी," सलीम म्हणाला.

"खंडेनवमीला? त्या दिवशी आपण हत्याराला हात लावत नाही."

"डेटा बाहेर गेलाय, साहेब," पद्मजा म्हणाली. "त्याचे सव्वीस हजार पडलेत. त्यानं आकडा तीन लाख सतरावर गेला. तीनच्या आत येत हुता."

आत घालायला फुकट, बाहेर काढायला पैसे. तो पाळणा मला त्या क्षणी आठवला. ऑफिसात एकटा मी होतो, हे खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं, फक्त अजून कुणी तसा विचार केला नव्हता. पद्मजानं केला होता. तिला कळल्याशिवाय राहिलंच नसणार, रुपया-रुपयाच्या मागं धावणारी ती. आता ती माझं नाव घेईल म्हणून मी टेबलाच्या कडेकडं बघत बसलो.

"कुणी काढला डेटा?" साहेबांनी विचारलं.

तिनं वही मिटली. "कोंडवाडा माझ्या ताब्यात हाय, साहेब. तिथलं आत काय गेलं, बाहेर काय गेलं, ती जबाबदारी माझी."

"म्हणजे जगाला शहाणपण शिकवायचं आणि स्वतःच्या घरात..." साहेब थांबले. त्यांना तिला बोलताना त्रास होत होता, पण ते शब्दाचे पक्के. "ठरलं ते ठरलं, बाई. निम्म्यावर आलं नाही. आणखी सहा महिने बघू."

"चालतंय," ती म्हणाली आणि पडदा बंद केला.

मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू? घटकाभर अगदी गार वाटलं. ती पडली होती, तेही मी ठरवल्याच्या आधी आणि माझं नाव न येता. मी खुर्चीतून उठलो आणि बघितलं तर ती वही छातीशी धरून जिन्याकडं चालली होती. नव्या साडीवरच्या घड्यांच्या रेघा अजून गेल्या नव्हत्या.

दुपारी ती गच्चीत डबा खात बसली होती. मी गेलो. उभाच राहिलो.

"तुला माहीत होतं?"

"काय?"

"उगाच नको. माहीत होतं का नव्हतं?"

तिनं भाकरीचा तुकडा परत डब्यात ठेवला. "दादा, समईपाशी कोण बसलं हुतं ते मला यंत्राला विचारायला लागतंय व्हय? दसऱ्यादिवशी सकाळी लॅपटॉप उचलायला मीच आलो की पहिला. सगळ्यांवरचं कुंकू जिथल्या तिथं. तुमच्यावरचं फरफटलेलं. मीच लावलेलो. आणि हरणी आदल्या दिवशी दिवसभर चालू हुती म्हणून नोंद."

"मग बोलली का नाहीस? तुझी नोकरी..."

"कशी बोलू?" ती पहिल्यांदाच जरा चिडली. "कोंडवाड्यात दुसऱ्यानं सांगून चालतच नाही. जनावर माझं हाय म्हणून मालकानंच यायला लागतंय. बाबांना गावात सगळ्यांची जनावरं शिंगावरनं ओळखू येतात. तरी ते कधी कुणाच्या दारात जाऊन म्हणालेले नाहीत, तुझी गाय हाय म्हणून. माणसाला लाज असती, म्हणतात. दंड भरायची नव्हे, जनावर मोकाट सुटलं ह्याची."

खालून लेथचा आवाज येत होता.

"लहान हुतो मी तेव्हा बघितलेलो," ती म्हणाली. "दंड भरायचा नसायचा, पण गाय दुभती असली की मालकाला राहवायचं नाही. सांजचं कुडावरनं उडी टाकून गुपचूप यायचं, धार काढायची आणि जायचं. मी बाबांना म्हणायचो, चोर आलाय, पकडा की. बाबा म्हणायचे, अगं स्वतःचीच गाय हाय त्याची, चोर कसा म्हणायचा? धार काढली नाही तर तिचीच कास दुखती. काढू दे."

"आणि मग?"

"मग काय? बाबा तंबाखू मळत पाठ करून बसायचे."

तिनं डबा झाकला. मला तिचा हेवा वाटायचा तो तिच्या हुशारीचा, त्या खुर्चीचा, साहेबांच्या हसण्याचा. गच्चीत उभं राहून मला त्याहून वाईट हेवा वाटला. पाठ करून बसणारा तिचा बाप होता, आणि ती त्याच्यासारखी होती. मी तसा कधीच नव्हतो, हे मला त्या उन्हात स्पष्ट कळलं.

मी खाली उतरलो, स्कूटर काढली आणि महाद्वार रोडला जाऊन पेढे घेतले. अर्धा किलो म्हणालो होतो, दुकानदारानं तोललं तेव्हा म्हणालो, एक किलो कर. चारच्या चहाला सगळे जमले होते. साहेबही होते. मी पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवला आणि उभाच राहिलो.

"कसले पेढे रे?" साहेब म्हणाले. "पोरगं पास झालं काय?"

"हरणी माझी," मी म्हणालो.

कुणाला काही समजलं नाही. मग मी सगळं सांगितलं. तीन संघांचा फरक, जुना प्रोग्राम, मुद्दाम गप्प बसणं. पूजेतला लॅपटॉप उचलला तेही सांगितलं. "तो खांब माझा आहे. ड्रॉवरमध्ये डिस्क आहे. ही पडावी म्हणून मी हे केलं," असं मी म्हणालो.

सलीमनं हातातला कप खाली ठेवला. साहेबांनी पुड्याकडं बघितलं.

"किती वर्षं झाली रे आपल्याला?"

"एकोणीस."

"एकोणीस वर्षांत तू पहिल्यांदा पेढे आणलेस," ते म्हणाले. त्यांचे डोळे मात्र हसत नव्हते. "सव्वीस हजार तुझ्या पगारातनं जातील. आणि हे फरकाचं काम आजपासून हिला शिकवायचं. पुढच्या दिवाळीला तुझ्याविना निघालं पाहिजे." मग ते तिच्याकडं वळले. "सनदी बाई, ते सव्वीस वजा केले तर किती?"

"दोन लाख एक्क्याण्णव."

"मग बाबांना फोन करा."

टाळ्या पडल्या. त्या माझ्यासाठी नव्हत्या, आणि खरं सांगतो, तेव्हाही मला ते टोचलं. हेवा असा एका दुपारीत जात नाही. पद्मजाचे डोळे भरून आले होते. तिनं पदरानं ते टिपले, पुड्यातला एक पेढा उचलला आणि वही माझ्यापुढं सरकवली.

"सही करा, दादा. सोडवलेल्या जनावराची सही लागती."

"पण हरणी आहे कुठं? पंधरा दिवस तर कधीच होऊन गेले."

"वाचा की."

मी चष्मा लावला. लांबट खतावणी, तिच्या वडिलांकडं असायची तशी. हरणीच्या ओळीत कोंडल्याची तारीख होती, भाकड असं लिहून खोडलेलं होतं आणि त्याच्या वर दुभती असं लिहिलं होतं. शेवटच्या रकान्यात, शेऱ्याच्या जागी, दसऱ्याची तारीख घालून बारीक अक्षरात तिनं लिहिलं होतं:

'मालक येऊन धार काढून गेले. सोडवायला येतील. तोवर लिलाव नाही.'